शारदेच्या कायद्याच्या ओव्या

अरे अरे, पाय काढा आधी! खेळा, दंगा करा, माझी ना नाही. पण मित्रांनो, माझ्यावर उभं राहून पेरू पाडायचे नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, परसात पडलेला एखादा गोल धोंडा असेल हा. धोंडा नव्हे मी. जातं आहे, म्हातारं झालेलं, याच घरातलं. आणि या घरातली एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कुणी धड सांगणार नाही. माणसं सांगायला बसली की त्यांना रडू येतं. मी पडलो दगड. मला रडता येत नाही, म्हणून मीच सांगतो. बसा इथं सावलीला.

तुळजापूरच्या डोंगराखाली काळ्या दगडाची एक खाण होती. तिथं सोमलिंग वडारानं मला घडवलं. दिवसभर छिन्नी आणि हातोडा, छिन्नी आणि हातोडा. मला वाटायचं, हा माणूस माझा सात जन्मांचा वैरी असणार. पण काम उरकल्यावर त्यानं माझ्या वरच्या दगडाला लाकडी खुंटा ठोकला, मला एकदा गरगर फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाला, "ब्येस झालं. ज्या घरात जाईल तिथं भाकरीला कमी न्हाय." तेवढ्या एका वाक्यावर मी त्याला सगळं माफ करून टाकलं.

मला विकत घेतलं ते विष्णुपंत मास्तरांच्या बायकोनं. देवीच्या देवळाच्या पायऱ्यांपासून जवळच त्यांचं घर. मागच्या पडवीत मला बसवलं. तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि मास्तर शाळेत उर्दूतून शिकवायचे. पुढं निजाम गेला, मग आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला, शाळेत मराठी आली, मास्तरांची पुस्तकं बदलली. माझ्यात मात्र ज्वारीच येत राहिली. राज्य कुणाचं का असेना, पोटाला भाकरी लागतेच की.

माझं पीठ कसं पडायचं, विचारा गल्लीत कुणालाही! भाकरी थापताना कड फुटायची नाही. इरम्मा टाकीवाली वर्षातून एकदा यायची, माझे झिजलेले दात पुन्हा खरखरीत करून द्यायची आणि म्हणायची, "मास्तरीणबाई, असलं जातं अख्ख्या पेठेत न्हाय." फुगायला झालं मला! दगड फुगत नाही म्हणून बरं.

मग मास्तरीणबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. मागं दोन मुली राहिल्या. थोरली प्रेमला, धाकटी शारदा. घरचं सगळं त्या दोघींवर आलं. त्यात मास्तरांच्या पुढच्या खोलीत सोलापूरकडचे यात्रेकरू उतरायचे. त्यांचा स्वयंपाक घरातच. म्हणजे दळण केवढं, तुम्हीच विचार करा. दोघी बहिणी पहाटे उठून समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा दोघी धरायच्या, आणि मी घरघरायला लागायचो.

प्रेमलेचं लग्न आई असतानाच भूम तालुक्यात झालं होतं. पण ती माहेरी परत आली. कशी परत आली हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण मी जातं आहे, माझ्यापाशी बायका सगळं बोलतात. सासरच्यांनी तिला कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. किती दिवस, ते तिनं कधी सांगितलं नाही. मास्तरांनी मोठ्या हिमतीनं कोर्टात प्रकरण नेलं. तिथं पलीकडच्या वकिलानं भर कोर्टात सगळ्या पुरुषांसमोर तिला असे प्रश्न विचारले की प्रेमलेची वाचाच बसली. एक शब्द बोलली नाही ती. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, तरी नाही. प्रकरण निकाली निघालं, म्हणजे तिच्या विरुद्ध गेलं. त्या दिवसापासून मोठ्या माणसासमोर, विशेषतः वडलांसमोर, प्रेमलेच्या तोंडून हूं आणि बरं याच्यापलीकडं काही निघेना.

शारदा त्या दिवशी कोर्टात बाकावर बसलेली होती. घरी आली आणि दळायला बसल्यावर म्हणाली, "अक्का, तुझ्या बाजूला बाई वकील असती तर तू बोलली असतीस ना?"

प्रेमलेनं नुसती मान हलवली.

"मग मी होते वकील."

मुलगी हट्टी. आई होती तोवर मामाकडं राहून सोलापूरला इंटरपर्यंत शिकली होती. शहरात कायद्याचं एक कॉलेज होतं, पण तिथं घ्यायच्या आधी ते लोक स्वतःची परीक्षा घ्यायचे. कायद्याच्या साध्यासाध्या गोष्टी, चोरी म्हणजे काय, करार म्हणजे काय, गुन्हा कशाला म्हणायचं, हे मुलाला कितपत कळतं ते बघायला. उत्तरं मराठीत लिहिली तरी चालायची. मास्तरांनी बराच विचार केला. परंड्याचं एक स्थळ तिच्यासाठी सांगून आलं होतं. शेवटी म्हणाले, "शारदे, मी त्या लोकांना थांबायला सांगतो. पण एकदाच हं. पास झालीस तर कॉलेजात पाठवीन, शब्द देतो. नाही झालीस तर मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं."

"एकदाच पुरे की अण्णा," ती म्हणाली. केवढा तो आनंद तिला!

आता मित्रांनो, अभ्यास कसा करावा हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मास्तरांनीही सांगितलं, "लिहून काढ, शारदे. एकदा लिहिलं ते दहादा वाचल्यासारखं. आणि मांडीवर पाटी घेऊन नव्हे, नीट बसून, परीक्षेत बसशील तसं." अगदी खरं सांगितलं हो. पण खरं सांगून तो माणूस रोज पहाटे देवीच्या चरणतीर्थाच्या पूजेला निघून जायचा. आल्यावर अंघोळ, मग शाळा. घरातली धुणी, भांडी, पाणी, यात्रेकरूंचे स्वयंपाक, ते कोण उरकायचं? शारदा टेकायची कधी, तर पहाटे माझ्यापाशी. आणि तेव्हा तिचे दोन्ही हात खुंट्यावर असायचे.

मग तिनं आपली एक युक्ती काढली. दिवसा चूल फुंकताना पुस्तकातलं एखादं पान वाचायची आणि पहाटे त्याची ओवी करायची. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. माझ्याच जिवावर झालेली म्हण आहे ती. पण चोरीची आणि दरोड्याची ओवी आजवर कुणी ऐकली होती का? मी तरी नव्हती ऐकली. पहिल्या दिवशी तिनं सूर लावला आणि मी चाट पडलो.

पहिली माझी ओवी, चोरीच्या गं खुणेला
हलवली वस्तू दुसऱ्याची, पुसलं नाही धन्याला.

प्रेमला फिक्कन हसली. किती महिन्यांनी हसली असेल! म्हणाली, "अगं, देवीची म्हणावी ओवी. ही कसली?"

"देवी माफ करील. तू धर गं खुंटा, पुढची ऐक."

चौघं मिळून लुटती, जबरी चोरी तिचं नाव
पाचवा येऊन मिळता, दरोडा म्हणे सारा गाव.

रोज नवी ओवी आणि सगळ्या जुन्या पुन्हा पहिल्यापासून. मी फिरतोय, पीठ पडतंय आणि दोघी बहिणी कायदा गातायत. खरं सांगू? त्या दिवसांत माझ्या पोटातून पीठ नव्हे, आनंदच गळायचा. मला वाटायचं, ही पोरगी काळा कोट घालणार आणि त्यात माझा वाटा असणार.

शेजारच्या गफार बांगडीवाल्याची बायको, रजियाबी, तिचंही दळण माझ्यावरच व्हायचं. गल्लीत काहींनी नाकं मुरडली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "माझ्या घरचं जातं आहे, कुणी दळायचं ते मी बघेन." रजियाबीला लिहायला वाचायला येत नव्हतं, पण तिची जीभ म्हणजे कात्री. शारदेनं तिला सांगून ठेवलं, "मावशी, मी रोज एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगणार. तुम्हाला पटेपर्यंत मला सोडायचं नाही."

"सोडती व्हय मी! बरं, ते तुझं चोरीचं सांग. समज, माझ्या दुकानात एक बाई आली. बांगडी हातात घालून बघू का म्हनली. मी म्हनलं, बघ. अन् तशीच निघून गेली की गं! चोरी व्हय का न्हाय?"

"घालून बघायला तुम्हीच हो म्हणालात. तोवर चोरी नाही. मनात खोटं धरून पाऊल उचललं, तुम्हाला न विचारता, की झाली चोरी."

"अन् इसरून गेली तर? यात्रेतल्या बाया लई इसरतात."

"मग नाही. मनात खोटं पाहिजे."

"या अल्ला, मन कुनाला दिसतंय! तुझा कायदा लई अवघड हाय बेटा."

पण शारदेला तेच हवं होतं. जिथं रजियाबी अडायची, तिथं शारदा पुन्हा पुस्तक उघडायची. मित्रांनो, हा अभ्यास फार चांगला. जे दुसऱ्याला समजावता येत नाही ते आपल्यालाच समजलेलं नसतं. घ्या लक्षात.

आणि मग ती पहाट आली. शारदेनं नवी ओवी बांधली होती.

एक वाट अडविली, त्याला म्हणती अटकाव
चारी वाटा बंद केल्या, कोंडून ठेवणं त्याचं नाव.

प्रेमलेचा हात थांबला. शारदा एकटी ओढत होती, माझा वरचा दगड वाकडा फिरला.

"काय झालं अक्का?"

"कोंडून ठेवणं... हे पुस्तकात आहे? गुन्हा म्हणून?"

"हो अक्का. शिक्षा आहे त्याला."

प्रेमला पिठाकडं बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "मला वाटलं होतं, माझंच काही चुकलं असेल. म्हणून कोंडलं असेल." आणि ती जी रडायला लागली! सासरहून आल्यापासून ती रडली नव्हती. शारदेनं तिला पोटाशी धरलं आणि तीही रडली. "मी नुसती तुझ्यासाठी नाही, अक्का, तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी उभी राहीन," असं काहीतरी म्हणत होती. त्या दिवशी पाहुण्यांना भाकरी उशिरा मिळाली. मिळेना का!

परीक्षेचा दिवस ठरला. जायच्या आदल्या दिवशी रजियाबीनं शारदेच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. "वकीलनबाय होऊन ये, मग तुझ्याकडून पैसे घेती," म्हणाली. त्या पहाटे शारदेनं सगळ्या ओव्या पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटल्या. एकही चुकली नाही. प्रेमला मधून मधून मुद्दाम अडवायची, "दरोड्याला किती?" आणि ही फाडकन सांगायची. मास्तर तेव्हा देवळात होते. आल्यावर त्यांनी विचारलं, "अभ्यास झाला का?" "झाला, अण्णा." "लिहून बघितलंस?" शारदा जरा घुटमळली. "पाठ आहे सगळं." मास्तर हं म्हणाले. बापलेक एसटीत बसून गेले.

दोन दिवस प्रेमला एकटीच दळत होती. तिच्या एकटीच्यानं मी नीट फिरत नव्हतो. तिचं लक्ष सगळं दारात.

आली शारदा. पण ती आली तशी कुणी परीक्षा देऊन येतं का? चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, सरळ मागं पडवीत येऊन माझ्यापाशी बसली. रजियाबी धावत आली. प्रेमलेनं विचारलं, "कसा गेला पेपर?"

"गेला," शारदा म्हणाली. "अक्का, हात फिरत नव्हता गं."

त्या दोघींना काही कळेना. मला कळलं. माझ्या काळ्या दगडात चर्र झालं.

तिनं सांगितलं ते असं. मोठी खोली, एकेकाला वेगळं मेज, सगळीकडं चिडीचूप. प्रश्न वाचले. सगळे येणारे. तिनं टाक उचलला आणि डोक्यात काहीच नाही. पहिली ओळ आठवायची, दुसरी यायची नाही. तिला कळलं की ओवी पुढं सरकायला हात फिरायला पाहिजे. मग तिनं मेजाखाली मांडीवर हात गोल गोल फिरवायला सुरुवात केली. आणि खरंच, चोरीची ओवी सुटली! ती लिहायला लागली. तेवढ्यात तिथले गुरुजी आले. त्यांना वाटलं, पोरगी मेजाखाली चिठ्ठी चाळतेय. म्हणाले, "ओ बाई, दोन्ही हात वर ठेवा. दिसले पाहिजेत."

"मी सांगितलं त्यांना की काही नाही हातात. तर ते माझ्यासमोरच उभे राहिले, अक्का. शेवटपर्यंत. मी दोन्ही हात मेजावर ठेवून बसले. तिसरा प्रश्न काय होता माहितीय? अटकाव आणि कोंडून ठेवणं यांतला फरक उदाहरण देऊन लिहा. उदाहरण देऊन, अक्का! माझ्याइतकं उदाहरण कुणाला ठाऊक होतं त्या खोलीत? आणि मला चारी वाटा आठवल्या नाहीत. एक वाट अडविली, एक वाट अडविली, एवढंच डोक्यात."

रजियाबीनं सुपातली मूठभर ज्वारी माझ्या तोंडात टाकली. "बस बेटा. धर." शारदेनं खुंटा धरला. समोरून प्रेमलेनं धरला. मी फिरलो. आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बाहेर आलं. चोरी आली, दरोडा आला, वयात न आलेल्या लेकराचा करार आला, चारी वाटा आल्या. एक शब्द इकडचा तिकडं नाही. ती गात होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दाणे कधीच संपले होते. मी कोराच फिरत होतो, दगडावर दगड घासत होता, तरी ती थांबेना. शेवटी प्रेमलेनं तिचा हात खुंट्यावरून सोडवला.

जात्यावर बसलं की ओवी सुचते हे सगळे सांगतात. जात्यावरून उठल्यावर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला कोण सांगणार होतं? मी? मला तोंड आहे ते दाणे खायला.

रजियाबी म्हणाली, "मास्तरांना बोलाव. ऐकव त्यांना हे."

"कशाला मावशी? ओव्या ऐकून कॉलेजवाले पास करणार आहेत का? कागदावर आलं नाही ते आलंच नाही."

निकाल कळला. कॉलेजच्या कारकुनानं मास्तरांना सांगितलं की पेपर जवळजवळ कोरा होता. मास्तर जन्मभर मुलांचे पेपर तपासत आलेले. कोरा पेपर म्हणजे काय, याचं त्यांना एकच उत्तर ठाऊक. पडवीत येऊन म्हणाले, "मी लोकांना थोपवून धरलं, तू इकडं वर्ष वाया घालवलंस. आळस केलास, शारदे."

"अण्णा, मला येत होतं सगळं. तिथं हात..."

"नाचता येईना अंगण वाकडं! पुरे आता."

प्रेमला चुलीपाशी उभी होती. ती पुढं आली. तिचे ओठ हलले. मी बघत होतो ना, तिला सांगायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल बाई, बोल, आत्ता बोल. मास्तरांनी तिच्याकडं बघितलं, "काय गं?" आणि तिचा गळा बंद झाला, कोर्टात झाला होता तसाच. "काही नाही अण्णा," म्हणाली आणि आत गेली.

पुढं सगळं भराभर झालं. परंड्याची माणसं चांगली होती. मुलगा सालस. घराला लागूनच त्यांची इंजनावर चालणारी पिठाची गिरणी. मास्तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, "माझ्या पोरीला जन्मात जात्याला हात लावावा लागणार नाही." मला ते टोचायचं, पण बापाचं मन म्हणून मी सोडून द्यायचो. हळद लागलेल्या हातानं शारदेनं मला नमस्कार केला. वर बघितलं नाही. गेली.

प्रेमला राहिली. तिच्याबरोबर दळायला रजियाबी बसायची. आणि दोघी कोणत्या ओव्या म्हणायच्या? शारदेच्याच. रजियाबी म्हणायची, "इसरायचं न्हाय. पोरीनं घाम गाळून केलंय." वर्ष गेलं, दुसरं गेलं. परंड्याहून शारदेला मुलगा झाल्याचं कळलं. इकडं महाराष्ट्र झाला, गल्लीत पेढे वाटले.

मग एक दिवस मास्तरांचा पाय मुरगळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चरणतीर्थाला जाणं झालं नाही. ते आपल्या खाटेवर पडून होते. प्रेमलेला वाटलं, झोप लागली असेल. दोघींनी नेहमीसारखं दळण सुरू केलं.

चौथ्या पाचव्या ओवीला पडवीच्या दारात काठी वाजली. मास्तर उभे होते, भिंतीला धरून.

"हे काय म्हणताय?"

रजियाबीनं पदर सावरला. प्रेमलेनं खुंटा सोडला.

"प्रेमले, हा कायदा आहे. शब्द न् शब्द बरोबर आहे. तुला कुणी शिकवला?"

आणि प्रेमला बोलली. वडलांकडं बघून, सरळ बोलली. "शारदेनं, अण्णा. सगळा शारदेनं. रोज पहाटे इथं म्हणायची. तिला सगळं येत होतं. ती खोटं बोलली नव्हती."

"मग मला का नाही कुणी सांगितलं?"

"ती सांगत होती, तुम्ही ऐकलं नाही. मी सांगणार होते, माझ्या तोंडून निघालं नाही."

मास्तर खाली बसले, फरशीवरच. म्हणाले, "अजून म्हण." तिनं म्हटल्या, सगळ्या. तो शिकवणारा माणूस, साठीला आलेला, माझ्या पिठाकडं बघत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मी पोरीला आळशी म्हणालो." तेच तेच म्हणत राहिला.

पाय थोडा बरा झाल्याबरोबर ते परंड्याला गेले. जाताना मोठ्या उमेदीत होते. जावयाशी बोलतो म्हणाले, तिला पुन्हा परीक्षेला बसवतो, या खेपेला स्वतः समोर बसवून लिहून घेतो, लेकराला प्रेमला सांभाळील. प्रेमलेनं भाच्यासाठी झबलं शिवून दिलं. मीसुद्धा आशेवर होतो. आशा काय, दगडालाही लागते.

ते एकटेच परत आले. प्रेमला माझ्यापाशी दाणे निवडत होती. ते तिच्यासमोर बसले आणि तिनं न विचारताच सांगायला लागले.

"जावई हो म्हणाले, प्रेमले. सासूबाईसुद्धा हो म्हणाल्या. कुणी अडवलं नाही. मी तिला म्हणालो, चल, शारदे, माझं चुकलं. तर ती म्हणाली, अण्णा, आता काही आठवत नाही. इथं गिरणीचा पट्टा दिवसभर फिरतो, माझा हात फिरतच नाही. दोन वर्षांत सगळं गेलं. पहिली ओळ येते आणि पुढं नुसता इंजनाचा आवाज."

"मग आपलं जातं पाठवू की, अण्णा. गाडीत घालून."

"तेही म्हणालो मी. तर हसली. म्हणाली, जातं येईल हो, पण ती दोन वर्षं कोण आणून देणार? लेकरू अंगावर आहे, माझ्यात आता ते बळ नाही." त्यांची मान खाली गेली. "एसटीपर्यंत सोडायला आली होती. गाडी सुटताना खिडकीपाशी आली आणि म्हणाली, त्या वर्षी एक पहाट तुम्ही घरी थांबला असता तर, अण्णा. रागानं नाही म्हणाली गं. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं मला."

प्रेमलेनं दाणे तसेच ठेवले आणि वडलांचा हात धरून बसली.

झाली माझी गोष्ट. पुढं आपल्या गल्लीतही गिरणी आली, मला पडवीतून इथं परसात काढलं. पावसात भिजतो, उन्हात तापतो, तुम्ही पोरं पाय देता. त्याचं मला काही नाही, जुन्याचे हाल व्हायचेच. पण मित्रांनो, परीक्षेला बसणार असाल तर ओव्या करा, गाणी करा, शेजारणीला समजावून सांगा, हवं ते करा. पण त्याबरोबर एकदा तरी गप्प खोलीत, दोन्ही हात मेजावर ठेवून, कागदावर लिहून बघा. आणि उद्या तुम्ही आईबाप व्हाल, तेव्हा लेकीला "एकदाच" असं म्हणू नका. म्हणायचंच असेल, तर त्याआधी देव जरा बाजूला ठेवा, एक पहाट घरी थांबा आणि ती काय म्हणतेय ते ऐका.